लिंबाजीमामा टॉवेल घेत नाहीत

आमच्या जवळा बाजारात लग्नाला गेलात आणि मुहूर्त टळून तास झाला तरी लग्न लागत नसेल, तर समजा की माइकवर टॉवेल-टोपी चालू आहे. अमक्यांच्या वतीने तमक्यांचा सत्कार, असं पुकारलं जातं. पुकारलेला माणूस गर्दीतून वाट काढत येतो, खांद्यावर टॉवेल पडतो, डोक्यावर टोपी बसते, फोटो निघतो. ज्याने टॉवेल टाकला त्याला याचं नाव माहीत नसतं आणि याला त्याचं. टॉवेल असा विरळ असतो की अंग पुसलं तरी अंग ओलंच राहावं. अर्थात पुसत कुणीच नाही. तो घडी करून कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. माझ्या घरी असा एक टॉवेल तिसऱ्यांदा परत आला आहे. कोपऱ्याला हळदीचा डाग आहे, म्हणून ओळखला.

लिंबाजीमामांचं नाव पुकारलं की मंडपातली जाणती माणसं हसू दाबून बसतात. मामा शांतपणे येतात. टॉवेल पुढे झाला की एक हात वर करून थांबवतात आणि समोरच्याला विचारतात, “माझं नाव काय हाय?”

नाव माइकवर नुकतंच घेतलेलं असतं. पण समोरचा माणूस त्या दिवशी चाळीस खांद्यांवर टॉवेल टाकून बधिर झालेला असतो. तो भटजीकडे बघतो, फोटोवाल्याकडे बघतो. एकदा एका पुढाऱ्याने हसत हसत “आपले काका” म्हणून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, “नाव म्हाईत न्हाई, मंग टोपी कोणाला घालून राहिले?” आणि सरळ पंगतीला जाऊन बसले. मुलीचा बाप महिनाभर मामांशी बोलत नव्हता. गावाचं मत असं, की आयुष्यभर ढोरांत राहून म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलं आहे. माझंही मत बरीच वर्षं तेच होतं आणि ते मी चारचौघांत मोठ्याने सांगत असे.

लिंबाजी सावळे हे जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी “डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक” अशी दुरुस्ती करायचे. मेंढ्या-शेळ्यांतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस औंढा तालुक्यात नव्हता. मामी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ उरल्या त्या अकरा वह्या. कोणत्या गावी कोणत्या कळपाला काय झालं, काय दिलं, किती वाचल्या, किती गेल्या, सगळं त्यात. गेलेल्या आधी लिहिलेल्या, वाचलेल्या नंतर.

त्या वह्या घेऊन एक दिवस मामा माझ्या दुकानात आले. माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीकविम्याचे अर्ज, निकालाच्या प्रिंटा. बाहेर बोर्ड आहे: ‘बालाजी कॉम्प्युटर्स, परिसरात नंबर एक’. परिसरात दुसरं दुकान तेव्हा नव्हतं. मामा म्हणाले, मेंढपाळ आठ-आठ महिने कळप घेऊन परमुलखात फिरतो, तिथं त्याला दवाखाना सापडत नाही, पण फोन खिशात असतो. तर हे सगळं त्याच्या फोनात जाईल असं काही करता येतं का?

तशी आमची साइट झाली. नाव ‘कळपाचा दवाखाना’. मी रोगांची नावं पुस्तकातली टाकत होतो. मामांनी ती सगळी काढायला लावली. मेंढपाळ फोनला जे विचारेल तेच मथळ्याला पाहिजे, म्हणाले. म्हणून आमच्या पानांचे मथळे ‘मेंढी चरंना झाली’, ‘डावी कूस फुगली’, ‘करडू उठंना’ असे आहेत. आत साध्या चार-पाच ओळी. काय पाजायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसं पाजलं की औषध छातीत जाऊन जनावर मरतं.

लिंक म्हणजे काय हे मी त्यांना समजावलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी सांगितलं, मामा, दुसऱ्या चांगल्या साइटींनी आपल्याकडे बोट दाखवलं की सर्चवाले आपल्याला वर घेतात. मामा म्हणाले, “म्हंजे ओळख देणं. बाजारात एखाद्यानं म्हणावं, ह्या माणसाची शेळी घे, मी ह्याला वळखतो.” मी म्हटलं, बराबर. तिथून पुढे माझी तकलीफ सुरू झाली.

कारण मामांनी साइटवर ‘ओळखीचे’ नावाचं एक पान काढलं आणि नियम घातला की स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कुणाची ओळख द्यायची नाही. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एक जण शेळ्या पाळतो, त्याची छोटी साइट आहे. मामा एसटीने तिथं गेले. शेळ्यांचे खूर उचलून पाहिले, गोठ्यात हात लावून जमीन ओली आहे का पाहिलं, आणि येताना शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून हा माणूस जनावरांना मारतो का याची चौकशी केली. सोयरीक जुळवायलाही आमच्याकडे एवढं बघत नाहीत. मग पानावर त्याचं नाव आलं आणि खाली शेरा: ‘पाहून आलो. गोठा कोरडा आहे.’ दुसऱ्या एकाखाली शेरा होता: ‘पाहून आलो. माणूस खरं बोलतो. फार बोलतो.’ तीन वर्षांत त्या पानावर सात नावं झाली.

मी काहीही सुचवलं की मामांचा एकच प्रश्न असायचा: “पाहून आलास व्हय?” पुसेगावच्या एका चारा-बियाणंवाल्याने निरोप धाडला, तुमी आमची लिंक टाका, आमी तुमची टाकतो. मामा म्हणाले, हा टॉवेल झाला. मी म्हटलं, बातम्यांच्या साइटींवर खाली लोक मत लिहितात, तिथं आपला पत्ता टाकत जाऊ, फुकट आहे. मामा म्हणाले, लोकांच्या भिंतीवर आपलं नाव कशाला लिहायचं, भिंत त्याची आहे. एकदा दिल्लीकडून कुणाचा तरी फोन आला, हिंदीत. सर, एका महिन्यात पाचशे लिंक देतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मेरा नाम क्या है?” पलीकडून ‘सर, सर’ एवढंच येत राहिलं. फोन ठेवून मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “बघ, टोपी घेऊन आला व्हता.”

मी हसलो नाही. मला या सगळ्याचा वीट आला होता. साइट सर्चमध्ये दुसऱ्या पानावर पडून होती आणि आमच्या वर कोण होतं? एक पावडर विकणारी साइट. आमच्याच ओळी चोरलेल्या, वर मेंढीचा म्हणून कुठल्या तरी परदेशी कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा फोटो, आणि खाली ‘आजच मागवा’. लोक मला बाजारात विचारायचे, काय बालाजी, कुठंवर आला दवाखाना? साइटच्या तळाशी माझं नाव होतं. खरं सांगायचं तर मेंढ्यांची काळजी मामांना होती, मला माझ्या नावाची होती.

नांदेडला एक जण ही कामं करतो असं कळलं. मी गेलो. मामांना सांगितलं नाही. त्याच्या ऑफिसात एसी होता आणि भिंतीवर वर जाणारे बाण होते. त्याने विचारलं, लिंकवर कोणते शब्द पाहिजेत? मी कागदावर लिहून दिलं: ‘मेंढी-शेळी उपचारात नंबर एक’. पैसे माझेच गेले, त्याचं काही नाही. त्याने कुठून, कशा, कोणाकडून लिंका आणल्या, हे मी विचारलं नाही. पाहून यायचं तर सोडाच.

महिन्याभरात आम्ही पहिल्या पानावर पहिले. मामांचा फोन दिवसभर वाजायला लागला. नगरकडून, खाली सोलापूरकडून, कुठून कुठून मेंढपाळ बोलायचे. मामा दुकानात येऊन बाकड्यावर बसून तिथूनच सल्ले द्यायचे. एकाला तर त्यांनी फोनवर जनावर उभं कसं धरायचं ते माझ्या स्टुलाला धरून दाखवलं. पलीकडच्याला काही दिसत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एवढे खूश मी त्यांना मामी गेल्यापासून पाहिले नव्हते. एक दिवस म्हणाले, “बालाजी, घाई केली न्हाई म्हणून झालं हे. एकानं दुसऱ्याला सांगितलं आसंल, दुसऱ्यानं तिसऱ्याला.” मी प्रिंटरमध्ये कागद घालत होतो. घालत राहिलो.

चार महिने हे चाललं. मग एके सकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सर्च केलं, पहिलं पान, पाचवं, दहावं. साइट कुठंच नव्हती. सर्चवाल्यांचा निरोप माझ्या मेलवर येऊन पडला होता: तुमच्या साइटकडे बनावट लिंका आहेत, म्हणून ती सर्चमधून काढली आहे. मी नांदेडला फोन लावला. नंबर बंद होता.

मामांना काय सांगायचं ते मी रात्रभर ठरवलं आणि सकाळी खोटं सांगितलं. म्हणालो, मामा, कोणी तरी जळून हे केलं असेल. असं करतात लोक, दुसऱ्याला खाली ओढायला त्याच्या नावाने घाणेरड्या लिंका पेरतात. यात खोटं एवढंच होतं की आमच्या बाबतीत तसं झालेलं नव्हतं. मामा म्हणाले, “काहून करंल कोणी?” मी म्हटलं, काय माहीत. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आठवड्याने सेनगावकडच्या एका बाईने कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला. नवरा आजारी म्हणून तीच कळप घेऊन गेली होती. मेंढ्या ओल्या चाऱ्यात शिरल्या आणि फुगल्या. उन्हाळ्यात तिने आमच्या पानावर वाचून दोन मेंढ्या वाचवल्या होत्या, म्हणून तिने पोरीला तेच पान काढायला सांगितलं. पान सापडलं नाही. पावडरवाली साइट सापडली. त्यांनी फोनवर सांगितलं, मागवा, दोन दिवसांत कुरिअर येतं. बाईने मागवली. मेंढीची कूस फुगल्यावर दोन दिवस. नऊ मेंढ्या गेल्या. ती रागावलेली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की तुमी दुकान बंद केलं का, डॉक्टर?

मामांनी त्या वेळी ‘डॉक्टर न्हाई’ अशी दुरुस्ती केली नाही. फोन ठेवला आणि पिशवीतून नवी, बारावी वही काढून त्यात लिहिलं. गेलेल्या आधी.

त्यानंतर दोन महिने मामा रोज दुपारी चारला दुकानात यायचे. लिंकांची यादी काढली, सहाशेच्या वर निघाल्या. सरळ मार्ग असा, की प्रत्येकाला ‘लिंक काढा’ म्हणून लिहायचं, आणि जे काढणार नाहीत त्यांची यादी सर्चवाल्यांना द्यायची: यांची आमची ओळख नाही, यांचं धरू नका. मी म्हटलं, सगळी यादी एकदम देऊन टाकू, मामा. मामा म्हणाले, “पाहून आलास व्हय? न पाहता व्हय म्हणू न्हाई, तसं न पाहता न्हाई बी म्हणू न्हाई.”

मग आम्ही पाहायला लागलो. ऑनलाइन रमी. टकलावर केस उगवणारं तेल. रशियातला टायरवाला. पंधरा दिवसांत पोट कमी. कुणा गोऱ्या बाईची नखं रंगवायची दुकानं, एकाच मालकाची चौदा. आणि ही सगळी मंडळी एकसुरात सांगत होती, ‘मेंढी-शेळी उपचारात नंबर एक’. मामा चष्मा कपाळावर नेऊन प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत बघायचे, नखांचंसुद्धा, आणि प्रत्येकाला पत्र सांगायचे: ‘सप्रेम नमस्कार. आपली-आमची भेट झालेली नाही. तरी आपण आमची दिलेली ओळख कृपया काढून घ्यावी. आपल्या धंद्याला शुभेच्छा.’ ते मी मशीनकडून इंग्रजी करून टाकत असे. उत्तरं चार आली. त्यातल्या एकाने काढायचे पैसे मागितले. टायरवाल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी काढली आणि माफी मागितली. मामा त्याचं नाव बरेच दिवस आदराने घ्यायचे.

त्याच सहाशेत एक खरी निघाली. डोंगराकडच्या एका मेंढपाळाच्या मुलीने शाळेसाठी एक पान लिहिलं होतं आणि त्यात म्हटलं होतं, आमचा ‘राजा’ मेंढा या साइटमुळे वाचला. मी सांगितलं तसं केलं असतं तर तीही नाकारलेल्यांत गेली असती. मामांनी ते पान दोनदा वाचायला लावलं.

यादीच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली होती, ती मी मुद्दाम मागे ठेवली. दहा-बारा पानं पाहून झाल्यावर मामा म्हणाले, “सगळे येकच वाक्य बोलून राहिले. खरी माणसं अशी येका तोंडानं बोलत न्हाईत.” मग उठले, चपला घातल्या, बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी मान वर करून माझ्या बोर्डाकडे पाहिलं. परिसरात नंबर एक. बरंच पाहिलं. आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी चारला परत आले, काहीच न झाल्यासारखे. मला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हामुळे गरगरलं असेल. माणूस स्वतःला वाचवायला काय काय समजूत करून घेतो.

शेवटी सर्चवाल्यांना अर्ज करायचा होता. काय चुकलं, कसं झालं, काय दुरुस्त केलं. मी कीबोर्डवर बसलो, मामा बाकड्यावर. मी आपणहून सुरुवात केली, ‘अज्ञात व्यक्तीने’. मामा म्हणाले, खोड. मग ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. “चूक आमच्याकडून झाली. आमच्या घरच्या माणसानं केली. माणूस वाईट न्हाई. त्याला घाई व्हती.”

माझी बोटं थांबली. मामांच्या घरी मामांशिवाय कुणी नाही, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं, नाव टाकायचं का?

“नाव मला म्हाईत हाय,” मामा म्हणाले. “त्याईला काय करायचं?”

मी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. शब्द घशाशी आले की मी चहा सांगत असे.

अर्ज मंजूर झाला. साइट सर्चमध्ये परत आली, चौथ्या पानावर. तिथंच आहे. पावडरवाला अजून पहिला आहे आणि आता त्याच्याकडे गायींचीही पावडर मिळते. सेनगावच्या त्या बाईने उरलेला कळप विकला, असं कानावर आलं. मामांच्या ‘ओळखीचे’ पानावर आठवं नाव आहे ते त्या मुलीचं; तिच्या गावाला ते दोन एसट्या बदलून जाऊन आले. ‘पाहून आलो. राजा धडधाकट आहे.’ मी बोर्ड उतरवला. लोक विचारतात काहून, मी सांगतो रंगवायला दिलाय.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. घरचं कार्य, मुहूर्त टळलेला, माइक चालू. टॉवेल टाकायचं काम माझ्याकडे होतं आणि माझेही खांदे भरून आले होते. लिंबाजीराव सावळे, असं पुकारलं गेलं आणि मंडपात नेहमीचं हसू दबलं. मामा आले. मी घडीतला वरचा टॉवेल उचलला, आणि पाहतो तर कोपऱ्याला हळदीचा डाग. बदलायला वेळ नव्हता, फोटोवाला सरसावून उभा होता. मी वाट पाहत होतो. निदान आज त्यांनी विचारावं, चारचौघांत विचारावं, म्हणजे मला त्यांचं नाव पूर्ण घेता येईल आणि त्याबरोबर बाकीचंही जे काही आहे ते बाहेर पडेल.

त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं, जवळ सरकले आणि टोपी घालायला मला सोपं जावं म्हणून मान खाली केली. मी टॉवेल टाकला. फोटो निघाला. त्या फोटोत मी टोपी धरून उभा आहे आणि मला कॅमेऱ्याकडे बघता आलेलं नाही.